घोड्याला आधी नाव सांगा

होसकोटेजवळच्या तबेल्यात लेकीला घोडेस्वारी शिकायला नेलं, तेव्हा म्हाताऱ्या कानडी मोतद्दाराने दारातच अडवलं. "अक्का, स्वल्प थांबा. घोड्याच्या मागून जायचं नाही, ओरडायचं नाही आणि आधी त्याला आपली ओळख सांगायची."

मला हसू आलं, पण तो गंभीर होता. शेवटी मी घोड्यासमोर उभी राहून नाव, पत्ता, बँकेतला हुद्दा, सगळं सांगितलं. घोड्याने तोंड फिरवलं.

"सरी, ठीक आहे, आज नको म्हणतोय," असं म्हणून म्हाताऱ्याने आम्हाला खरंच परत पाठवलं.

पुढच्या रविवारी लेक पुढे झाली. घोड्याला हळूच म्हणाली, "मला तुझी भीती वाटते."

घोडा जागचा हलला नाही. म्हाताऱ्याने तिची टोपी घट्ट बांधली.

"ही खरं बोलली. चढू दे हिला."

मला अजून घोड्याला हात लावायची परवानगी नाही.