खड्याची खोली

बातमीदाराकडे दोन ढीग साठत जातात. एक छापून आलेल्या बातम्यांचा. तो रद्दीवाला नेतो. दुसरा न छापलेल्या किश्श्यांचा; तो कोणी नेत नाही. बायको म्हणते, कपाट आवरा. कपाट आवरेन, डोकं कसं आवरू? संपादक म्हणायचे, "यात बातमी कुठाय?" आणि मी तो कागद चुरगळायचो. कागद गेले, किस्से राहिले.

या ढिगातला मोठा वाटा आमच्या औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या फिजिक्स विभागाचा आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथली निम्मी माणसं अजून नोकरीत आहेत आणि उरलेली निम्मी मला सकाळी फिरताना भेटतात.

मी तिथं गेलो तोच संशय घेऊन. त्याच विभागातल्या बोराडे सरांनी मला टपरीवर गाठलं, चहा पाजला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या चारठाणकरांचं लेसरवर संशोधन चालू आहे म्हणतात. मी शेजारच्या खोलीत बसतो. मला तर कधी उजेड पडलेला दिसला नाही. तुम्ही बघा बुवा काय ते."

चहा पाजून बातमी देणाऱ्यावर आधी संशय घ्यावा, हे मला कळत होतं. पण न दिसणाऱ्या लेसरचा संशय जास्त होता.

*

चारठाणकर सर म्हणजे बारीक अंगाचा, तुटक बोलणारा माणूस. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्क्रूड्रायव्हर.

"लेसर दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरच्या पितळी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी बसवलं होतं. "चालू आहे."

"मला काही दिसत नाही."

"दिसणार नाही. हा सेमीकंडक्टर लेसर. याचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही."

मला हसू आलं. "सर, बांधकाम खात्यात मी हेच ऐकतो. रस्ता झालाय, फक्त दिसत नाही."

एवढं बोलून मी त्या कणीत काय आहे ते बघायला वाकलो. सरांनी मला कॉलर धरून मागं खेचलं. "डोळा घालवायचाय का? दिसत नाही म्हणजे जाळत नाही असं थोडंच आहे?"

मग त्यांनी ठोकळ्यासमोर एक पांढरा पुठ्ठा उभा केला आणि माझाच मोबाइल मागून घेतला. पुठ्ठ्यावर काही नव्हतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर त्याच पुठ्ठ्यावर जांभळट ठिपका. मी मोबाइल बाजूला केला, ठिपका गेला. पुन्हा धरला, पुन्हा आला.

"पटलं?"

"सर, आमच्या धंद्यात उलटं असतं," मी म्हणालो. "डोळ्यांना सगळं दिसतं, कॅमेऱ्यात काही येत नाही."

*

लेसरचं सामान कुरियरनं यायचं. एकदा पार्सलवर 'लेसर' असं लिहिलेलं कोणीतरी वाचलं आणि ठाण्यातून एक हवालदार चौकशीला आला. कोणी कळवलं म्हणून मी बोराडे सरांकडे पाहिलं, तर ते खिडकीतून झाडं बघत होते.

"यानं विमान पडतं का?" हवालदारांनी विचारलं.

"यानं डास पडत नाही," चारठाणकर सर म्हणाले.

हवालदारांचा चेहरा जास्तच गंभीर झाला. "मग ठेवलाय कशाला?"

सरांनी समजावलं. लेसरचा प्रकाश निरनिराळ्या स्फटिकांतून पाठवायचा. तो किती वाकतो, किती अडतो, किती पार जातो ते मोजायचं. त्यावरून त्या स्फटिकाचे गुण कळतात. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पत्रकार साहेब, माणूस सरळ वाटतो. पण एवढं सरळ कुणी असतं का? लक्ष ठेवा."

*

हे स्फटिक विकत आणत नसत. तिथंच वाढवत. त्यासाठी मागं एक खोली होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. टेबलावर बीकर, बीकरमध्ये क्षाराचं दाट द्रावण, वर टाचणीनं भोकं पाडलेला कागद बांधलेला. त्या भोकांतून पाणी जेवढं सावकाश उडेल तेवढा खाली बसलेला खडा निर्मळ वाढणार. धूळ पडली, धक्का बसला, की खड्यात तडा नाहीतर ढग. म्हणून चपला बाहेर, हात कोरडे, बोलणं हळू. हे नियम पाळून घ्यायला दारावर शेख मामू बसायचे. विभागाचे जुने शिपाई.

मला पहिल्याच दिवशी त्यांनी अडवलं. "पेपरवाले हो ना? तो पहले पाँव पोंछो, फिर हाथ सुखाओ, फिर झूट लिखो."

एकदा एक नगरसेवक वॉटर कूलरच्या उद्घाटनाला आले होते. फिरत फिरत या दारापाशी पोचले. चपला काढायला लावल्या. आत अंधार, ओळीनं झाकलेली भांडी, कोणी बोलत नाही. त्यांनी मनोभावे हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोणत्या महाराजांची समाधी?"

कोणी उत्तर द्यायच्या आत कार्यकर्त्यानं उद्घाटनाचा नारळ पुढं केला. मला वाटलं, आता सर विज्ञानावर भाषण देणार. सर घाईघाईनं एवढंच म्हणाले, "नारळ ठेवा, पण इथं फोडू नका. हादरा बसतो."

नगरसेवकांना देवस्थान कडक असल्याची खात्रीच पटली.

*

या खोलीतला सगळ्यात मोठा बीकर वंदना जाधवचा. फुलंब्रीची मुलगी. रोज एसटीनं यायची. चारठाणकर सरांच्या हाताखाली तिची पीएचडी चालली होती आणि सगळा प्रबंध एका खड्यावर उभा होता. अंगठ्याएवढा, बिनढगाचा खडा मिळाला, तर लेसर आरपार नेऊन मोजमाप पुरं होणार. पण खडे होत होते आणि तडकत होते.

एक दिवस तिचे वडील, आप्पा, बघायला आले. मोसंबीची बाग असलेला माणूस, डोक्याला रुमाल. चपला बाहेर ठेवून आत आले आणि आधी कोपऱ्यातल्या क्षाराच्या पोत्याकडं गेले. चिमूटभर पांढरी पावडर बोटावर घेतली.

"वंदे, हे तर शून्य-बावन्न-चौतीस. आपुन ठिबकमधून मोसंबीला सोडतो ते."

"व्हय आप्पा. तेच. फक्त लई शुद्ध केलेलं."

आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "म्हंजी कॉलेज माझ्या पोरीकडून खत बनवून घेतंय?"

वंदनानं त्यांना बीकर दाखवला. "बघा, हा खडा वाढतोय."

"याला पाणी किती लागतं?"

"पाणी द्यायचं नाय. हळूहळू उडवून लावायचं. पाणी कमी झालं की हा वाढतो."

आप्पांनी वाकून बीकर चहूबाजूंनी बघितला. "पाणी कमी झाल्यावर वाढणारं पीक," ते म्हणाले, "अन् ते तुम्ही इथं कोंडून ठिवलं? मराठवाड्यात सोडा की बाहेर."

जाता जाता खरं कारण सांगून गेले. पाचोडच्या स्थळाला त्यांनी शब्द दिला होता. "पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबतो म्हणलेत पाव्हणे. तवर झालं तर डॉक्टर व्हऊन जाईल. नाय झालं तर तशीच जाईल."

वंदनानं बीकरवरचा कागद उगीचच नीट केला. पाचोडला गेल्यावर बीकर राखत बसायला कोण सोडणार होतं?

*

खडे तडकत होते ते का, यावरून विभागात नुसता धुरळा उडाला. वंदनाला बोराडे सरांचा संशय. बोराडे सरांना मामूंचा. मामूंना माझा. "जब से ये साब आ रहे, तब से टूट रहे."

चारठाणकर सर मला म्हणाले, "तुम्ही शोधपत्रकार ना? शोधा."

मी पाळत ठेवली. बोराडे सरांच्या मागं मागं फिरलो, आणि माझी निराशा झाली. माणूस खोलीकडे फिरकतही नव्हता. पण एका संध्याकाळी मी दारापाशी उभा असताना समोरच्या मंगल कार्यालयातून वरात निघाली. बँड, वर डीजे. माझ्या छातीत धडधडलं, खिडकीची काच थरथरली, आणि आतल्या बीकरमधलं पाणी शहारताना मी डोळ्यांनी पाहिलं. वंदनाच्या वहीतल्या तारखा ताडून पाहिल्या. तडे सगळे लग्नसराईतले होते.

वंदना कपाळाला हात लावून खाली बसली. "माझं लग्न अजून लागायचंय. अन् लोकांच्या लग्नांनीच माझं वाटोळं करायला घेतलं."

मी डीजेवर सणसणीत बातमी लिहिली. ती छापूनही आली. मंगल कार्यालयानं ती कापून फलकावर लावली, कारण तिच्यात त्यांचा पत्ता होता.

शेवटी मामूंनी स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणल्या, हवा भरली आणि वंदनानं सगळं टेबल त्यांच्यावर चढवलं. वराती येत गेल्या, ट्यूबवरचं टेबल नुसतं झुलायचं. खडा वाढला. अंगठ्याएवढा, टोकदार, पाण्यासारखा स्वच्छ. लेसर त्यातून गेला, मोजमापं झाली, प्रबंध गेला. राहिली ती तोंडी परीक्षा. ती नवरात्रात आली.

*

बाहेरगावचा परीक्षक आला की आदल्या दिवशी त्याला अजिंठा दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. गाडी विभाग करतो, सोबत कोणीतरी जातं. या वेळी बोराडे सर आपणहून सोबत गेले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. आप्पा मागं, धुतलेल्या रुमालात. वंदनाचं बोलणं उत्तम झालं. मग परीक्षकांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर सोडली. आत एक खडा. अंगठ्याएवढा, टोकदार, स्वच्छ. त्यांनी तो टेबलावर मांडलेल्या वंदनाच्या खड्याशेजारी ठेवला.

"बाई, हा मी काल फर्दापूरच्या दुकानातून घेतला. लेण्यांच्या पायथ्याशी असे टोपलीनं मिळतात. तुमचा आणि हा, यात मला तरी फरक दिसत नाही. तुमचा खडा बीकरमध्ये वाढला आणि फर्दापुरातून आला नाही, असं मी कशावरून मानू? पुन्हा वाढवून दाखवा, मग बघू."

पुन्हा म्हणजे दिवाळी गेली. म्हणजे पाचोड.

बोराडे सर छताकडे बघत होते. माझं डोकं सणकलं. मी उठणार तोच चारठाणकर सरांनी माझा गुडघा दाबून धरला.

वंदनानं दोन्ही खडे उचलले. परीक्षकांसमोर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास होता. "घेऊ का सर?" तिनं विचारलं, आणि ते हो म्हणायच्या आत दोन्ही खडे ग्लासात सोडले.

मागं आप्पा उभेच राहिले. "अगं वंदे..."

"बसा आप्पा." तिनं चहाच्या बशीतला चमचा घेतला आणि सावकाश पाणी ढवळू लागली. "तुमचे बाकीचे प्रश्न विचारा सर. याला थोडा वेळ लागेल."

त्यांनी प्रश्न विचारले. तिनं ढवळत ढवळत उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. पण उत्तरं कोण ऐकत होतं? सगळे ग्लासाकडे बघत होते. एका खड्याचं टोक गेलं. मग कडा गोल झाल्या. मग तो शेंगदाण्याएवढा झाला, मग हरभऱ्याएवढा, मग नुसतीच पाण्यात एक थरथरती रेघ. मग तीही गेली.

ग्लासाच्या तळाशी एक खडा तसाच बसला होता.

वंदनानं तो चमच्यानं बाहेर काढला, रुमालानं पुसला आणि परीक्षकांपुढं ठेवला. "हा तुमचा सर. फर्दापूरचा."

मग तिनं कोऱ्या कागदाचा तुकडा ग्लासावर झाकला, कडा दुमडल्या, ओढणीची पिन काढून त्याला भोकं पाडली. "हा माझा. हलवला नाही तर परत येईल."

तेवढ्यात मामू ट्रे घेऊन ग्लास गोळा करायला आत आले आणि त्यांनी सवयीनं हात पुढं केला. परीक्षकांनी तो हात वरच्या वर धरला.

"हा राहू द्या," ते म्हणाले. "डॉक्टर जाधवांचा आहे."