म्हाताऱ्याला पाणी कुणी पाजलं?

"मॅडम, तुमच्या सेंटरच्या सगळ्या पोरांनी म्हाताऱ्याला पाणी कसं काय पाजलं?"

फोनवर विद्यापीठाचे मॉडरेटर होते. मी कॉलेजच्या जिन्यात, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मस्टर. आधी मला वाटलं राँग नंबर आहे. मग त्यांनी पेपरचं नाव सांगितलं, आणि तो पेपर माझाच निघाला.

मी परभणीत एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमच्याकडे पोलीस प्रशासन हा विषय घेऊन बी.ए. करणारी पोरं आहेत. बहुतेक खेड्यांतली. पहाटे मैदानावर पळायचं, दहा वाजता वर्गात पेंगायचं आणि भरतीची जाहिरात निघाली की फॉर्म भरायचा, हा त्यांचा दिनक्रम. शेवटच्या वर्षाला त्यांना इंग्रजीचा एक खास पेपर असतो. इंग्रजी बोलणारे देश आणि तिथले पोलीस. हा पेपर कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेरीफ हा अधिकारी कोणत्या देशात निवडणुकीने निवडतात? कोणत्या देशातला शिपाई बंदूक न बाळगता गस्त घालतो? कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांवर टीप लिहा. आपल्या जिल्ह्यात एफआयआर कुठल्या भाषेत लिहितात, गावातल्या भांडणात पंच कोण होतं, यावर एक प्रश्न नाही. तरी मी शिकवते. पगार घेते म्हटल्यावर शिकवायलाच पाहिजे.

त्या वर्षी शेवटचा प्रश्न असा होता. तुम्ही इंग्रजी बोलणाऱ्या देशात, लंडन शहरात, पोलीस अधिकारी आहात. एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात येतात. त्यांची बॅग चोरीला गेली आहे. तुमच्या दोघांतला संवाद लिहा.

आता मॉडेल आन्सर म्हणजे काय ते सांगते. पेपर काढणारा माणूस पेपरासोबत उत्तरंही लिहून देतो. पेपर तपासणाऱ्यांनी ती समोर ठेवून मार्क द्यायचे. आणि तपासणारे नीट तपासतात की नाही हे बघायला वर एक मॉडरेटर असतो. काही गठ्ठे तो पुन्हा चाळतो. या प्रश्नाच्या मॉडेल आन्सरमध्ये पहिलं वाक्य होतं, गुड मॉर्निंग सर, हाऊ कॅन आय हेल्प यू. दुसऱ्या वाक्यात नाव, तिसऱ्यात पत्ता, चौथ्यात बॅगेचा रंग. आणि आमच्या पोरांनी काय लिहिलं? अंकल, फर्स्ट सिट. ड्रिंक वॉटर. देन टेल पीसफुली.

एका पोराने नाही हो. झाडून सगळ्यांनी!

मॉडरेटर पुण्याकडचे. त्यांचं म्हणणं, इतकी पोरं वेगवेगळ्या बाकांवर बसून एकच चूक करतात, आणि तीही मॉडेल आन्सरमध्ये नसलेली, म्हणजे कुणीतरी फळ्यावर लिहून दिलं असणार. सामूहिक कॉपी. त्यांनी तसा रिपोर्ट केला होता आणि आमच्या सेंटरचा निकाल राखून ठेवला होता. फोन केला तो फक्त सौजन्य म्हणून, असंही त्यांनी मला ऐकवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेपरच्या दिवशी त्या हॉलवर मीच होते. एका पोराने खिडकीतून बाहेर बघितलं तरी मी ओरडत होते. आणि मी वर्गात हाऊ कॅन आय हेल्प यू इतक्यांदा घोकून घेतलं होतं की शेवटी माझ्याच घरात मी नवऱ्याला तसं विचारायला लागले होते. मग या गाढवांनी पाणी कुठून आणलं?

दुसऱ्या दिवशी पोरांना वर्गात बोलावून घेतलं आणि मंगलला उभं केलं. मंगल चुडाव्याची. घरी मेंढरं, थोडी शेती, बाकी मजुरी. रोज रेल्वेने यायची. वर्गात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कमी बोलणारी. पोलीस खात्याच्या एका भरतीत ती मैदानी आणि लेखी, दोन्ही पार करून बसली होती. जागा पदवीधराची. शेवटच्या वर्षाच्या पोरांना फॉर्म भरू देतात, पण ठरलेल्या तारखेला पास झाल्याचं गुणपत्रक समोर ठेवावं लागतं. ती तारीख तोंडावर आली होती आणि इकडे निकाल कुलपात.

मी विचारलं, हे पाण्याचं वाक्य कुणी सांगितलं?

"कुणीच न्हाई, मॅडम. म्हातारा माणूस दारात आलाय, घाबरलाय. त्याला बस म्हणायचं, पाणी द्यायचं, मंग इचारायचं. पाणी न देता काय काम हाय म्हणून इचारलं तर माय झोडपती आमची."

बाकीची पोरं माना हलवायला लागली. पेडगावचा गजानन म्हणाला, त्याने तर त्या म्हाताऱ्याला पंख्याखालीही बसवलंय. एकीने ताक दिलं होतं. एकाने गूळ आणि पाणी. मी कपाळाला हात लावला. मार्कांचं वाक्य पोरं विसरली आणि आईची शिकवण तेवढी लक्षात राहिली. प्रश्नात लंडन होतं, पण पोरांच्या डोक्यात आपल्याच घराचा उंबरा होता. राग यायचा तो आला, पण पोरांवर फार वेळ टिकला नाही.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य तसे सज्जन, पण वादळ यायच्या आधीच खिडक्या बंद करणारे. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरांकडून माफीनामा लिहून घ्या. चूक कबूल म्हणायचं. त्या एका प्रश्नाचे मार्क जातील, निकाल लगेच सुटेल."

"सर, त्यांनी केलंच नाही तर कबूल काय करायचं?"

"केलं नाही हे तुम्हाला माहीत, मला माहीत. विद्यापीठाच्या समितीला कुठं माहीत आहे? लढत बसलात तर फाईल फिरत राहील."

अहो, काय हा न्याय! उद्या हीच पोरं ठाण्यात बसणार. कुणाकडून खोटा कबुलीजबाब घ्यायचा नसतो हे आम्ही त्यांना एका पेपरात शिकवणार आणि दुसऱ्या पेपरात त्यांचाच खोटा कबुलीजबाब घेणार. मी हे प्राचार्यांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, तुम्ही फार भावनिक होता. बाई चिडली की भावनिक होते आणि पुरुष चिडला की तत्त्वनिष्ठ असतो, हा आमच्या स्टाफरूमचा जुना नियम आहे.

माफीनामे वर्गात आले. मी पोरांना दोन्ही बाजू सांगितल्या. सही केली तर निकाल लवकर, पण कॉपी केली असं तुमच्याच अक्षरात लिहिलेलं राहील. नाही केली तर चौकशी, आणि ती कधी संपेल ते देवाला ठाऊक. कुणी काहीही ठरवा, मी एका शब्दाने बोलणार नाही. बहुतेकांनी सह्या केल्या. मी त्यांना दोष देत नाही. गजाननच्या घरी तो पहिला पदवीधर होणार होता. सही करताना तो खाली बघत होता.

मंगलने केली नाही. मी तिला बाजूला घेऊन तिच्या तारखेची आठवण करून दिली.

"ठाऊक हाय, मॅडम. पर पोलिसात जायचं म्हणून चोरीची सही करू का? आन् उद्या तिथं कुणी इचारलं, तर काय सांगू?"

तिच्यासोबत आणखी चारपाचजण मागे सरकले. त्यांच्यातर्फे मी गैरप्रकार समितीपुढे जायचं ठरलं. गैरप्रकार समिती म्हणजे कॉपीच्या केसेस ऐकणारी समिती. मंगललाही बोलावलं होतं.

ऐन उन्हाळा. आम्ही दोघी विद्यापीठात पोचलो तेव्हा घामाने निथळत होतो. समितीच्या खोलीत तिघं बसले होते, शेजारी ते मॉडरेटर. अध्यक्ष वयस्कर प्राध्यापक. आम्ही आत पाऊल टाकलं तशी त्यांनी खुर्च्या दाखवल्या, शिपायाला हाक मारली, आणि म्हणाले, आधी पाणी घ्या, मग निवांत बोलू.

शिपायाने ग्लास ठेवले. मी ग्लास उचलला आणि तसाच हातात धरून बसले. मला हसावं की भांडावं तेच कळेना. मग भांडायचं ठरवलं.

मी म्हणाले, "सर, तुम्ही आत्ता जे वाक्य बोललात ते तुम्हाला कुणी फळ्यावर लिहून दिलं होतं?"

अध्यक्षांना आधी कळलं नाही. मग कळलं आणि त्यांनी माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं. मॉडरेटर मात्र हार मानायला तयार नव्हते. ते म्हणाले, इथली गोष्ट वेगळी, प्रश्नात इंग्रजी बोलणारा देश स्पष्ट दिला आहे, तिथल्या पोलीस ठाण्यात अशी पद्धत नाही. मी विचारलं, तुम्ही गेला होतात का तिथल्या ठाण्यात? ते म्हणाले, हा वैयक्तिक प्रश्न आहे. मी म्हणाले, मग एवढं तरी सांगा, कॉपी केली असती तर एकीने ताक, दुसरीने पाणी आणि तिसऱ्याने गूळ का दिला असता? फळ्यावर काय मेनूकार्ड लिहिलं होतं का?

अध्यक्षांनी मला हाताने थांबवलं आणि मंगलकडे वळले. आवाज चांगला होता त्यांचा. त्यांनी विचारलं, बाळ, लंडनमध्ये तक्रार द्यायला आलेल्या माणसाला पाणी देतात असं तू कुठं वाचलंस?

मंगल उभी राहिली. "वाचलं न्हाई, सर. पर म्हाताऱ्याची बॅग चोरीला गेली. लंडनचा असला तरी घसा कोरडा पडलाच असंल की त्याचा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मॉडरेटरनी फाईल बंद केली. मग अध्यक्ष म्हणाले, कॉपी सिद्ध होत नाही, मी तसं लिहितो. मला वाटलं, जिंकलो. बाहेर येऊन मी मंगलला उसाचा रस पाजला.

पण निर्णय होणं वेगळं आणि निकाल सुटणं वेगळं. समितीने लिहिलेलं परीक्षा मंडळापुढे जातं. मंडळाची बैठक व्हावी लागते. बैठकीचं इतिवृत्त मंजूर व्हावं लागतं. तोवर निकाल राखीवच. मी परीक्षा विभागात गेले आणि म्हणाले, पोरगी निर्दोष आहे हे तुम्हीच ठरवलंय, तिला तेवढं एका कागदावर लिहून द्या, भरतीवाल्यांना दाखवता येईल. तिथले साहेब म्हणाले, असं पत्र द्यायची तरतूद नाही.

"आणि निर्दोष पोरीचा निकाल अडवायची तरतूद आहे?"

"मॅडम, आवाज खाली ठेवा."

मी आवाज खाली ठेवला नाही. तरी उपयोग शून्य. दगडावर डोकं आपटलं तर दगडाला काय होतं? प्राचार्यांनाही फोन करायला लावला. त्यांनी केला, मान्य करते. तिकडून तेच उत्तर आलं.

ज्यांनी कॉपी केली असं लिहून दिलं, त्यांची गुणपत्रकं लगेच आली. गजानन पेढे घेऊन आला आणि माझ्यासमोर पेढ्याचा बॉक्स धरून मंगलबद्दल विचारत राहिला. जिने खरं सांगितलं, तिची तारीख निघून गेली. तिच्या जागेवर प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार घेतला. मंगलचा निकाल नंतर लागला. फर्स्ट क्लास. सोबत एक पत्र होतं, विद्यार्थिनीला यापुढे दक्ष राहण्याची समज देण्यात येत आहे. कशाची समज? तहानलेल्या माणसाला पाणी देताना दक्ष राहायचं? ते पत्र मी तिला दिलंच नाही, माझ्याच टेबलावर फाडलं. नियमात बसत नाही, पण फाडलं.

मंगल रडली असेल तर घरी. माझ्यासमोर एवढंच म्हणाली की पुढची भरती निघंल तवा बघू, पळायचं बंद केलं न्हाई. पळण्याला वयाची अट असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी पेपर काढणारा बदलला. नव्या माणसाने वर्षाच्या सुरुवातीला नमुना पेपर काढला आणि त्यात जुनाच प्रश्न उत्तरासकट टाकला, मात्र समितीतली चर्चा त्याच्या कानावर गेली असावी. एक दिवस मंगल कॉलेजात आली. हातात या पेपरचं नवं गाईड होतं, बसस्टँडजवळच्या दुकानातलं. धाकट्या भावासाठी घेतलं म्हणाली, त्यानेही हाच विषय घेतला होता. तिने पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. वृद्ध गृहस्थ, चोरीला गेलेली बॅग, आणि आदर्श उत्तरातलं पहिलं वाक्य, प्लीज सिट डाऊन, सर, अँड हॅव सम वॉटर.

"मॅडम, ह्याला आता दोन मार्क हायेत," ती म्हणाली.

त्या वर्षी परीक्षेत तोच प्रश्न आला आणि जिल्ह्यातल्या पोरांनी ते वाक्य एका शब्दाचाही फरक न करता पाठ लिहिलं. सगळ्यांना दोन मार्क मिळाले. सामूहिक कॉपीचा रिपोर्ट कुणी केला नाही, कारण ते गाईडात होतं. इतकी वर्षं पेपर तपासून मी शिकले ते एवढंच. आमच्याकडे उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते आधी छापून यावं लागतं. मंगलचं उत्तर छापून यायला एक वर्ष लागलं, आणि तेवढ्यात तिच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं.