मधल्या नावाची चौकट

आमच्या ऑफिसात नावाचा एक कंट्रोल होता. कंट्रोल म्हणजे वेब पानावर बसवायचा तयार तुकडा. त्यात शेजारी शेजारी तीन चौकटी होत्या: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तो ऑफिस चालवणाऱ्या सरांनी एकदाच बनवला होता आणि मग शाळा असो, क्लास असो, मंगल कार्यालय असो, जे गिऱ्हाईक येईल त्याच्या पानावर तोच चिकटवायचा. चिकटवल्यावर बाजूच्या खिडकीत त्याच्या प्रॉपर्टीजची यादी उघडायची. रंग कोणता, अक्षर केवढं, चौकट किती रुंद, ती भरलीच पाहिजे की नाही, दिसली पाहिजे की नाही, सगळं तिथे बदलायचं. हे बदलणं माझं काम होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिस ठाण्यात, तळ्यामागच्या गल्लीत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. इंटरनेट म्हणजे नेमकं काय हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला त्याचा पगार मिळत होता. कंट्रोल एक असतो आणि पानोपानी त्याच्या प्रती असतात, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलेलं. मी मान डोलावली आणि काही कळलं नाही. एका पानावर रंग बदलला तर बाकीच्या पानांवर का बदलत नाही? आणि कधी कधी सगळीकडे का बदलतो? विचारलं की सर म्हणत, "अगं, कुठे बदललंस त्यावर आहे." कुठे बदललं हेच तर मला कळत नव्हतं.

अशात डोंबिवलीच्या एका वाचनालयाचं काम आलं. वाचनालयाने नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि सभासद होणाऱ्याने स्वतः त्याच्यासमोर बसून आपलं नाव भरायचं, असा त्यांचा हौसेचा बेत होता. मी हे काम मागून घेतलं, कारण त्या वाचनालयाचं कार्ड माझ्या आईला हवं होतं.

आम्ही दोघी कोपरला राहायचो. आई एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. वडील मी चौथीत असताना कामानिमित्त म्हणून सुरतेला गेले ते गेलेच. काही वर्षांनी तिथे त्यांचा दुसरा संसार असल्याचं कळलं. आईने ना भांडण केलं, ना घटस्फोट घेतला. मंगळसूत्र काढलं नाही, पण नवऱ्याचं नाव मात्र टाकून दिलं. हळदीकुंकवाला बायका नाव घ्या, नाव घ्या म्हणून मागे लागल्या की ती पाणी आणायला म्हणून उठायची आणि उखाण्यांची फेरी संपेपर्यंत तिला पाणी सापडायचं नाही. मी मात्र शाळेपासून त्यांचं नाव मधे लावत आले. आईने कधी अडवलं नाही, आणि तिचं ते न अडवणं मला आजही उलगडलेलं नाही.

वाचनाचं तिला वेड होतं. कंपनीतून आली की चहाच्या आधी पुस्तक. पण ती पुस्तकं शेजारच्या काकूंच्या कार्डावर यायची. वाचनालयाच्या छापील अर्जात 'पतीचे किंवा वडिलांचे नाव' असा रकाना होता, तो बघून ती एकदा अर्ज तसाच परत ठेवून आली होती. मग काकू बदलापूरला राहायला गेल्या आणि त्यांच्याबरोबर कार्डही गेलं. आई जुनी पुस्तकं पुन्हा वाचायला लागली, मग वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागदसुद्धा सरळ करून वाचायला लागली. मला ते बघवेना. एवढं मोठं ऑफिस आपल्या हातात, एक चौकट रिकामी ठेवता येत नाही?

वाचनालयाचं म्हणणं होतं की ज्याला मधलं नाव द्यायचं नाही त्याने देऊ नये, आमची हरकत नाही. हरकत कंट्रोलची होती. मी यादीत 'भरलंच पाहिजे' या प्रॉपर्टीसमोर 'नाही' असं केलं, पान साठवलं, बंद करून उघडलं. ये रे माझ्या मागल्या. पुन्हा 'हो'. रंग मी निळा केला होता, तो निळाच राहिला होता. रुंदी राहिली होती. फक्त हे एकच राहत नव्हतं. मी पुन्हा 'नाही' केलं, ते पुन्हा 'हो' झालं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, उदबत्ती तेवढी लावायची बाकी होती.

"तू सेव्ह केलं नसशील," सर मान वर न करता म्हणाले.

"केलेलं, सर. रंग राहिलाय ना."

"मग नीट केलं नसशील."

नीट सेव्ह करणं म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी सरळ मूळ कंट्रोल उघडला आणि तिथेच 'नाही' करून टाकलं. वाचनालयाचं पान झकास चाललं. मी खुशीत घरी गेले. दोनच दिवसांत कल्याणच्या क्लासवाल्यांचा फोन आला, मुलांची नावं वडिलांच्या नावांशिवाय येतायत, एकाच नावाआडनावाच्या दोन मुलींतली कुठली कोण ते कळत नाहीये. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं आणि मूळ कंट्रोल होता तसा केला. त्याला पुन्हा हात लावायची मला बंदी झाली.

आता पान माझं, पण कंट्रोल माझा नाही, आणि पानावर केलेलं टिकत नाही. डोकं पार भणाणून गेलं होतं. यादी खालीवर करताना 'दिसणं' ही प्रॉपर्टी दिसली. ती टिकत होती! आणि जी चौकट दिसत नाही ती भरली नाही म्हणून कंट्रोल अडवतही नव्हता. मग मी शक्कल लढवली. नावांच्या वर एक टिकमार्कची जागा केली आणि पुढे लिहिलं, 'मधले नाव नाही'. तिथे टिक केली की मधली चौकट गायब. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की वाटेत आईसाठी मी बाकरवडी घेतली.

रविवारी आईला वाचनालयात घेऊन गेले. तिने दिवाळीला कंपनीतून मिळालेली साडी नेसली होती. खुर्चीत बसून तिने एकेका बोटाने, इंग्रजी अक्षरं शोधत, आपलं नाव टाईप केलं. मग मी वाकून टिक केली आणि चौकट नाहीशी झाली.

"हे काय केलंस?"

"मधलं नाव काढून टाकलं तुझ्यासाठी. आता कोणी विचारणार नाही."

तिने ओळ वाचली. "मधले नाव नाही," ती हळूच म्हणाली. "नाही असं कुठे आहे? आहे की. मला लिहायचं नाहीये."

"एकच झालं गं ते."

"एकच कसं?"

तिने टिक काढली. चौकट परत आली. मधे काही न लिहिता तिने सरळ बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, 'मधले नाव भरा'. वाचनालयातल्या बाई मदतीला आल्या. "अहो, एक टिंब टाका ना तिथे. सगळीकडे चालतं."

"टिंब कशाला?" आई म्हणाली. "रिकामं घेणार असेल तर येईन मी." आणि उठली. मला तिचा भयंकर राग आला होता. दृष्टीआड झालेल्या चौकटीत आणि रिकाम्या चौकटीत कसला एवढा फरक? घरी आल्यावर बाकरवडीचा पुडा तिने उघडलासुद्धा नाही.

सोमवारी मी सरांसमोर उभी राहिले आणि बंदी असलेला मूळ कंट्रोलच उघडायला मागितला. माझा आवाज चढला असावा, कारण ते पहिल्यांदा पूर्ण वळून बसले. मी त्यांच्या देखत 'नाही' केलं, पान साठवून बंद केलं, उघडलं, 'हो'. त्यांनी चष्मा पुसला. मूळ कंट्रोलमध्ये शोधत शोधत गेले आणि म्हणाले, "हात्तिच्या." प्रत्येक प्रॉपर्टीची किंमत पानाबरोबर साठवायची म्हणून त्यांनी एकेक ओळ लिहिली होती. रंगाची होती, रुंदीची होती, दिसण्याची होती. या एकीची लिहायची राहून गेली होती. म्हणून पान उघडलं की कंट्रोल माझं म्हणणं विसरायचा आणि स्वतःचं 'हो' धरून बसायचा. इतके दिवस मी स्वतःला बिनडोक समजत होते. सर एवढंच म्हणाले, "झालं आता. चहा सांग."

पुढच्या रविवारी आई तीच साडी नेसून आली. टिकची ओळ मी काढून टाकली होती. तिने आपलं नाव लिहिलं, मग मधल्या चौकटीत गेली आणि तिथेच थांबली. कर्सरची रेघ लुकलुकत होती. मला वाटलं, लिहिते की काय. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती नुसती त्या चौकटीकडे बघत होती. मागे रांगेतले एक आजोबा खाकरले. मग तिने काहीही न लिहिता पुढची चौकट गाठली आणि तिसरीत माझ्या वडिलांचं आडनाव लिहिलं, अगदी भराभर.

मी पुन्हा गोंधळले. एवढा आटापिटा केला तो कशासाठी? मला राहवलं नाही.

"आई, अगं हेपण त्यांचंच आहे ना?"

"ते तुझं आहे," आई म्हणाली आणि तिने बटण दाबलं.