उंच, दाढीवाला आणि गुरांची डॉक्टरीण

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचं शिलाई मशीन, टीव्ही आणि वाकणं, तिन्ही बंद केलं. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला काळा चष्मा लावून खुर्चीत नुसतं बसवणं सोपं नव्हतं. मी भाजी चिरायला घेतली की आवाजावरून सूचना यायची, "जाड होतंय कणे, बारीक चीर."

"आईला काहीतरी वाचून दाखव," एवढं सुचवून नवरा मेटगळ्ळीच्या कारखान्यात कामावर निघून गेला.

मी सोलापूरची. इथं म्हैसूरला आमच्या घरात मराठी बोलतात, पण 'गं'च्या जागी 'कणे' येतं आणि विठ्ठलाचे अभंगसुद्धा कन्नड लिपीत छापलेले. माझं कन्नड भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. पेपरातली एक बातमी मी अक्षराला अक्षर लावत कशीबशी संपवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू वाचतेस की बस रिव्हर्स घेतेस?"

मग बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीच्या कपाटात एक इंग्रजी कादंबरी सापडली. कव्हरवर समुद्र, लहानसं घर आणि कॉफीचे तीन कप. पाहुणे आले असतील, असं मला वाटलं. मी मनात इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं, असं ठरलं.

गोष्टीत एक गुरांची डॉक्टरीण होती, एक उंच शाळामास्तर आणि एक होड्या दुरुस्त करणारा दाढीवाला. परदेशी नावं सासूबाईंच्या तोंडात बसेनात, म्हणून ते उंच आणि दाढीवाला झाले. फॉल लावायला दिलेली साडी परत न्यायला आलेल्या शेजारच्या काकू ऐकायला बसल्या आणि रोज दुपारी यायला लागल्या. सासूबाई उंचाच्या बाजूच्या, काकू दाढीवाल्याच्या. ती कुणाशी लग्न करणार यावर दोघींची चांगलीच जुंपायची.

आणि एका दुपारी माझी जीभ अडकली. डॉक्टरीण दोघांनाही सोडणार नव्हती. ते दोघंही एकमेकांना सोडायला तयार नव्हते.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, अत्ते. पाऊस पडतोय त्यांच्याकडे."

घाईघाईत मी दाढीवाल्याला उंचाचा मावसभाऊ करून टाकलं. थोडा वेळ निभावलं. पण हा मावसभाऊ उंचाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचा, त्याचे केस विंचरायचा. मी पानं गाळत, अडखळत पुढे जात होते. शेवटी सासूबाईंनी हात वर केला.

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय, कानाचं नाही. खरं काय ते सांग."

मी सांगितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"म्हणजे दोघंही तिचे?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि ते दोघं एकमेकांचे?"

"हो."

"तिघांनाही माहीत आहे? चोरून काही नाही?"

"काहीच नाही."

"मग तो मावसभाऊ कशाला आणलास मध्ये, सुम्मने, उगाच?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच पुढे विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

मी पानं चाळली. "दाढीवाला."

"भांडी?"

"उंच."

"आणि ती?"

"ती दवाखान्यातून येते आणि जेवते."

मग काकूंनी पदर खाली घेतला आणि त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एकच आहे. त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो."

त्यानंतर वाचन सरळ झालं. मी "इथे दोन पानं प्रेम आहे" म्हटलं, की सासूबाई हात हलवायच्या, "ते असतंच. पुढे चल." पण भांडणाचं प्रकरण आलं आणि उंच रागानं घर सोडून गेला, तेव्हा सासूबाई रात्री जेवायलाच तयार होईनात.

"आईला काय झालं?" नवऱ्यानं मला विचारलं.

त्याच उत्तरल्या, "उंच घर सोडून गेला."

"कोण उंच? शिलाईच्या गिऱ्हाइकांतला? फोन लागत नाही का त्याचा?"

"अय्यो पापा, बिचारा तो फोन घरीच विसरला," सासूबाई म्हणाल्या. नवरा अंगात शर्ट घालायला लागला. शोधायला कुठे जायचं, हे त्यानं विचारल्यावर मला हसू आवरेना आणि त्याला सगळी गोष्ट सांगावी लागली. त्यानं पुस्तकाचं कव्हर उलटसुलट पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "भांडी रोज तोच घासतो?"

रविवारी मुलगी आली. आजीच्या मांडीवर ते पुस्तक बघून तिचा चेहरा पडला. "आई, तू हे आजीला..."

"बस इथे," आजी म्हणाली. "शेवटचं राहिलंय, ते तू वाच. तुझी आई फार गाळते."

मुलीनं लाल झालेल्या कानांनी वाचलं. उंच परत आला, तिघांनी मिळून घराला निळा रंग दिला. काकूंनी डोळे पुसले. सासूबाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"तिघांचे मिळून आईबाप किती असतील? एकजण तरी बघायला आलं का?" त्यांनी चष्मा नीट केला. "घरात सासू नाही. म्हणूनच सगळं असं सुरळीत चाललंय."