आक्काचा सायीचा रंग

आक्काच्या अंगावर मी शेवटचा रंग पाहिला तो दवाखान्याचा. जालन्याला भरती केलं होतं तिला. हिरवा गाऊन, मागून नाड्या, खांद्यावरची शिवण उसवलेली. मी खुर्ची ओढून बसले, तर माझी नजर कुठं गेली हे तिला बरोबर कळलं. म्हणाली, “शिवण बघून राह्यलीस ना? बघ शोभे, अठरा वर्षांनी रंगीत घालायला मिळालं, तेबी दवाखान्याचं.” हसली, आणि खोकल्याची ढास लागली ती पाच मिनिटं थांबेना. जरा शांत झाल्यावर तिनं माझं मनगट धरलं. “ध्यानात हाय ना तुझ्या?” मी म्हणाले, “हाय.” एवढंच आमचं शेवटचं बोलणं... कशाबद्दल, ते पुढं सांगते.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या धाकट्या दिराचा, उत्तमरावांचा फोन आला. “शोभाताई, वहिनी गेल्या.” माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ते म्हणाले, “चार वाजता ठेवलंय. लोकं लई येणारयत, तुम्ही जल्दी निघा.” त्या वाक्यातलं ‘लोकं लई येणारयत’ अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला पाहिलं असेल, निदान बॅनरवर तरी. सायीच्या रंगाची साडी, बारीक राखी काठ, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, कोपराच्या खाली आलेल्या बाह्या, बंद गळा, जोडलेले हात. जिल्हा परिषदेत तीन वेळा निवडून आलेल्या वहिनी. गेल्या महिन्याभरात तिच्यावर जे काही छापून आलं त्यात साधी राहणी, त्यागाची मूर्ती, पांढऱ्या वस्त्रातली माउली असलं पुष्कळ आहे. ही माउली माझी थोरली बहीण. माझं मंठ्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्या बाह्या मी शिवल्या, तो गळा मी बंद केला आणि तो रंगही मीच सुचवला. त्यागबिग काही नव्हतं. एका शिंपिणीची हुशारी होती ती, आणि त्याची शिक्षा माझ्या बहिणीनं भोगली.

लहानपणी आक्का रंगाला हपापलेली होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्याच्या तळाशी उरलेला लाल रंग ती नखांना लावायची. आई म्हणायची, “बैल व्हय गं तू?” तर ही शेपटी हलवल्यासारखी कंबर हलवून दाखवायची. लग्न झालं तेव्हा दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पहिल्या दिवाळीला तिला राणी रंगाची साडी आणली होती. ती साडी नेसून ती माहेरी आली की गल्लीतल्या बाया दाराशी यायच्या. दाजी राजकारणातले, पण माणूस चांगला होता. बायकोला घेऊन बाजारात उघडपणे फिरायचा.

दाजी जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि दीड वर्षात मोटारसायकलच्या अपघातात गेले. तेराव्याला जेवणं उरकली, आणि लगेच तिथल्याच सतरंजीवर बैठक बसली. पोटनिवडणूक लागणार होती, सीट घरात राहिली पाहिजे, तर वहिनींना उभं करायचं. आक्काला कुणी विचारलं नाही. ती आत भांडी मोजून देत होती. तिच्या अंगावर तेव्हा साधी निळी साडी होती. आमच्यात नवरा गेला म्हणून पांढरं नेसायचा रिवाज कधीच नव्हता, हे इथं स्पष्ट सांगते. आमची आजी ऐन तिशीत विधवा झाली आणि मरेपर्यंत हिरव्या-तांबड्या लुगड्यात वावरली. कापूस वेचणारी, शेण काढणारी बाई पांढरं नेसून काम कसं करील? कुंकू गेलं, मणी गेले, रंग राहिला. आमच्या मागच्या चार पिढ्यांनी जे केलं नाही ते आम्ही मतांसाठी केलं आणि वर त्याला परंपरा म्हणालो.

पोटनिवडणूक जाहीर झाली तसे उत्तमराव माझ्या दुकानात आले. हातात कापडाची पिशवी, आत पांढरीशुभ्र साडी. म्हणाले, “परवा फॉर्म भरायला जायचं. ह्याच्यावर ब्लाउज लागंल.” मी साडी उलगडली, आणि तिथं माझी अक्कल पाजळली. मी म्हणाले, “पांढरं फटक नको. पांढरं फटक म्हणजे पुढारीण वाटंल. सायीच्या रंगाचं घ्या, जरा जुनं वाटंल असं. काठ राखी, बारीक. बाही कोपराच्या खाली चार बोटं, म्हणजे हात जोडले तरी कोपर झाकलेलं राहील. पाठ पूर्ण बंद.” उत्तमराव माझ्याकडं बघतच राहिले. “ताई, तुम्ही तर आमच्यापेक्षा पुढच्या निघाल्या.” मला त्या वेळी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आक्का म्हणाली, “मला न्हाई नेसायचं असलं. मी काय मेले का?” मीच तिची समजूत काढली. “दोन महिन्यांचा प्रश्न हाय आक्का. निवडणूक झाली की काढून टाक.”

पहिल्या सभेला मी बायांमध्ये बसले होते. ती स्टेजवर आली, बोलली काहीच नाही, नुसते हात जोडले. माझ्या शेजारची म्हातारी पदर डोळ्याला लावून रडायला लागली. तिनं दाजींना कधी पाहिलंही नव्हतं. ती कापडाकडं बघून रडत होती. शिवणारीला यापेक्षा मोठी शाबासकी कुठली? आक्का भरघोस मतांनी आली. आणि ते दोन महिने अठरा वर्षं चालले.

तिला नुसतं बिचारी म्हणणार नाही मी. ती बावळट नव्हती. वर्षभरात तिला कळलं की हे कापड फार कामाचं आहे. एखादा अधिकारी रस्त्याची फाईल दाबून बसला की ती त्याच्यासमोर जाऊन पदर जरा पुढं ओढून गप्प बसायची. फाईल हलायची. मला म्हणायची, “पांढऱ्याला कोणी शिवी देत न्हाई गं, तेवढं एक बरंय.” तीन गावांचे रस्ते, शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, सगळं तिनं असंच ओढून आणलं. ती कामं तिची होती, तिच्या डोक्यानं झालेली. पण लोकांनी श्रेय दिलं त्यागाला. भाषणात तिनं एकदा सिंचनाचं गणित पुरं अर्धा तास मांडलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘शुभ्र वेशातील वहिनींनी उपस्थितांची मने जिंकली.’ तो पेपर तिनं माझ्या दुकानात आणून टेबलावर टाकला. “घे. खडूनं माप लिहायला होईल.”

महिन्यातून एकदा ती माप द्यायला यायची. माप काही बदललेलं नसायचं. तिची गाडी बाहेर उभी राहायची, सोबतची माणसं चहाच्या टपरीवर जायची, आणि आक्का आतल्या खोलीत येऊन पडदा ओढायची. गिऱ्हाइकांनी फॉल-पिकोला टाकलेल्या साड्यांचा ढीग तिथं असायचा. त्यातली एकेक काढून ती आरशासमोर नेसायची. मोरपंखी, जांभळी, आंब्याच्या रंगाची. कुणाकुणाच्या साड्या... पाचेक मिनिटं नेसायची, वळून मागून बघायची, परत घडी घालून ठेवायची. मी मशीन चालू ठेवायचे, बाहेर कुणाला संशय नको म्हणून. एकदा एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, “शोभाताई, माझ्या साडीला मिश्रीचा वास कसा काय?” मी म्हणाले, “माझ्याच हाताचा असंल.” मिश्री आक्का लावायची.

एकदाच तिनं बाहेर हिंमत केली. आमच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं, घरातलंच कार्य. आक्का आकाशी साडी नेसून आली. भडक नव्हती, साधी आकाशी. किती दिवसांनी तिला मोठ्यानं हसताना पाहिलं. नवरदेव मांडवात यायच्या आत तिचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला, खाली लिहिलेलं, ‘वहिनींना दादांचा विसर पडला का?’ दाजींना सगळे दादा म्हणायचे. उत्तमराव मांडवात आले, तिला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, अठ्ठेचाळीस गावं तुमच्याकडं त्या रंगामुळं बघतेत. बदलायचं तर बदला, मंग निवडून आणायचं आम्हाला सांगू नका.” आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं तिला वाटत होतं की मी काहीतरी बोलेन. मी म्हणाले, “गाडीत क्रीमवाली हाय का एखादी?” होती. अक्षता पडल्या तेव्हा ती परत सायीच्या रंगात उभी होती.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं मला जालन्याला पाठवून डाळिंबी रंगाची साडी मागवली. “तुझ्यासाठी घेतलीय असं सांग दुकानात.” ब्लाउज कसा शिवायचा ते तिनं स्वतः खडूनं कापडावर काढून दाखवलं. बाही दंडापर्यंत, गळा खोल, पाठीवर नाडी आणि नाडीला दोन लोंबते गोंडे. वय झालं होतं तिचं, तरी म्हणाली, “गोंडे पाहिजेत.” तयार झाल्यावर तिनं घालून पाहिला, पण साडी नेसली नाही. माझ्या हातात दिली. आमच्याकडं बाई गेली की शेवटचं लुगडं माहेराहून येतं, मग सासर कितीही मोठं असो. त्यावर माहेराचा हक्क असतो, त्याला कोणी हात लावत नाही. आक्का म्हणाली, “आई न्हाई, बाप न्हाई. माहेरचं म्हणून तूच आणशील ना? मंग हेच आण. तेव्हा थोडंच कुणाला मत मागायला जायचंय मला?” मी म्हणाले आणीन. तेच तिनं दवाखान्यात विचारलं होतं.

मी साडी आणि ब्लाउज पिशवीत घालून गेले. अंगणात मांडव, माईक लावलेला, कॅमेरेवाले. आत बायांनी तिला आंघोळ घातली होती. मी पिशवीतून साडी काढली. कुणीतरी उत्तमरावांना बोलावलं. ते दारातच थांबले. “ताई, हे काय?”

“माहेरचं लुगडं.”

“डाळिंबी? बाहेर पाच हजार माणूस हाय. वहिनींची एक ओळख हाय ताई. अठरा वर्षांची ओळख शेवटच्या दिवशी घालवायची का?”

मी म्हणाले, “तिनं सांगितलंय.”

“लिहून दिलंय?”

माझा भाऊ मागं उभा होता. तो हळूच म्हणाला, “जाऊ दे शोभे. मयताच्या दारात तमाशा नको.” आणि मी जाऊ दिलं. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी मला ढकललं नव्हतं. माझा हक्क होता आणि मी साडी परत पिशवीत घातली... एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. त्यांनी सायीच्या रंगाची साडी आणली आणि ब्लाउज अंगात जाईना, आजारानं अंग सुजलं होतं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. शिवताना आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. मी पिशवीतून कातरी काढली, पाठीची शिवण उसवली, माया मोकळी केली आणि माझ्या हातानं तिला तो बंद गळ्याचा ब्लाउज घातला. पहिल्यांदाही मीच घातला होता, शेवटीही मीच. बाहेर माईकवर कुणीतरी सांगत होतं की वहिनींनी आयुष्यभर रंगाचा मोह धरला नाही.

गेल्या आठवड्यात उत्तमरावांचा मुलगा आला. आता सीटला तो उभा राहणार आहे. अंगात नेहरू शर्ट, सायीच्या रंगाचा, गळपट्टीच्या कडेला बारीक राखी पायपिंग. माझ्या रंगाची जोडी कुणीतरी बरोबर जमवली होती. म्हणाला, “मावशी, प्रचारात दोनशे बाया फिरवायच्यात, सगळ्या काकूंच्या साडीत. ब्लाउज तुम्हीच शिवा, काकूंचाच कट पाहिजे. लोकांना काकू दिसल्या पाहिजेत.” मी न्हाई म्हणाले. तो म्हणाला, का? मी म्हणाले, “का म्हणजे? न्हाई.” अठरा वर्षांत त्या घराला मी दिलेलं ते पहिलं ‘न्हाई’. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय? तो दुसऱ्या शिंपिणीकडं गेला, मोंढ्याजवळ. तिनं घेतलं काम. कट अवघड नाहीच मुळी.

डाळिंबी साडी माझ्या कपाटात आहे. घडीवर चिरते म्हणून मी ती काढून घडी बदलते. परवा दुपारी दुकान बंद होतं, तेव्हा आतला पडदा ओढून ती नेसून पाहिली. ब्लाउज मला होत नाही, दंडात अडकतो. त्यातही आत दोन बोटं माया सोडलेली आहे, उसवली तर मला बरोबर बसेल. कातरी हातात घेतली होती. पण आक्कासाठी उसवायचा तो ब्लाउज हा होता, आणि मी त्या दिवशी दुसराच उसवला. कातरी ठेवून दिली. गोंडे तेवढे विस्कटले होते, ते विंचरून सरळ केले.