पेटीची घरघर

बोथ भागातल्या एका गावातली ती प्रेत ठेवायची बर्फाची पेटी मी अजून विसरलेलो नाही. जिल्ह्याचे नुकतेच चार तुकडे झाले होते. आमच्या पोलीस ठाण्यातली निम्मी माणसं नव्या जिल्ह्यांत गेली आणि उरलेल्यांच्या डोक्यावर सगळा भार आला. त्यातच एका बाईचा फोन आला, "साहेब, माह्या बाबाले जाळू देऊ नका."

बाई पुण्याहून आली होती. ती येईपर्यंत वडिलांचा देह भाड्याच्या, विजेवर चालणाऱ्या पेटीत दोन रात्री ठेवला होता. लांबच्या लेकीसाठी आमच्याकडे थांबतातच. भाऊ कापूस घेऊन बाहेरगावी गेलेला, त्यामुळे म्हातारा गेला तेव्हा जवळ फक्त सून होती.

पंचनामा करून देह शवविच्छेदनाला पाठवला. डॉक्टर म्हणाले, "गारठ्यात शरीर सावकाश बदलतं. इथे तर पोट हिरवं पडलंय. पेटीत ठेवण्याआधीच मरून दिवस उलटला असावा." सून मात्र सांगत होती, की पेटी आणली त्याच संध्याकाळी मामाजी, म्हणजे सासरे, चहा पिऊन वारले. नणंद तर तोंडावर म्हणाली, "इनंच काही तरी चारलं." आता सुनेला अटक करायची, एवढंच उरलं होतं.

माझं मन मात्र घेईना. म्हाताऱ्याच्या खाटेजवळ काठी, चष्मा, पानाचा डबा सगळं त्याच्या हाताला येईल असं मांडलेलं होतं. मी शेजारणीचा जबाब घेतला.

"पेटीची घरघर रातच्यानं बंद होत होती," ती म्हणाली. "लाईट गेली असंल."

वीज कार्यालयात विचारलं, तर लाईट गेलीच नव्हती. आणि अंगणात दोरीवर एक गोधडी वाळत होती, ओलीकच्च. सुनेला समोर बसवलं.

"पेटी कोण बंद करत होतं?"

तिला हुंदका फुटला. "मीच, साहेब. मामाजीले थंडी सोसत नव्हती. हिवाळ्यात मी त्यायचे पाय शेकून देत होती. त्या बर्फात पाहून जीव तुटे. सारे झोपले का बटन बंद करून अंगावर गोधडी टाकत होती, सकाळी ओली गोधडी काढून पुन्हा चालू करत होती."

"मग काऊन नाही सांगितलं?"

"बाबा खराब झाले म्हून ताई रडून राह्यल्या. कोन्त्या तोंडानं सांगू?"

डॉक्टरांनी गारठ्याचा हिशेब पुन्हा मांडला आणि वेळ जुळली. पुढे तपासणीत विषही निघालं नाही. हृदयच थकलं होतं.

देह परत नेला तेव्हा नणंदेनं दोरीवरची गोधडी काढली आणि भावजयीच्या हातात दिली. "वयनी, तूच टाक," एवढंच म्हणाली. मी टोपी काढून बाजूला उभा राहिलो.

पुढे नोकरीत गारठ्यात ठेवलेल्या देहाचा अहवाल हाती आला, की मी आधी हेच विचारायचो: रात्री जवळ कोण होतं, आणि त्याचा त्या गेलेल्या माणसावर किती जीव होता?