न कापलेली घडी

इथल्या एका साप्ताहिकात मी सुपरहिरोंच्या नव्या कॉमिक्सवर सदर लिहितो. आलेल्या अंकाची बिनपाण्यानं हजामत करायची, हे माझं काम. वाचक खूश, मी त्यांच्याहून खूश.

लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पाळीवर काम करणारा एकजण स्वतःचं कॉमिक काढायचा. त्याचा नायकही कामगारच. कुठे वायुगळती झाली की मास्क चढवून निघायचा. उडत नाही, कंपनीच्या बसनं. अंक छापखान्यातून यायचे ते पानांच्या वरच्या घड्या न कापताच. वाचणाऱ्यानं पट्टी घालून पानं सोडवून घ्यायची. पहिल्या दोन अंकांची मी दोन-दोन ओळींत बोळवण केली होती.

तिसरा अंक आला तेव्हा सदर द्यायची घाई होती. पुढच्या पानांची घडी कापली, मागच्या पानांची राहू दिली. शेवट काय असणार हे मला न वाचताच कळतं, अशी माझी समजूत. लिहिलं, ‘नायक मास्क काढतच नाही, कारण चित्रकाराला चेहरा जमत नाही.’ हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

सदर छापून आल्यावर, सुट्टीच्या दिवशी तो चित्रकार माझ्या घरी आला. अंक टेबलावरच होता.

“सर, शेवटपर्यंत बघितलात काय?”

“बघितला ना,” मी म्हणालो.

त्यानं अंक उचलला. मागची घडी बोटाला लागली तसा क्षणभर थांबला. मग माझीच फूटपट्टी घेऊन ती सावकाश, सरळ कापली, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

पानभर चेहरा होता. बसच्या खिडकीशी बसलेला नायक, मास्क मांडीवर, नाकावर त्याचा वळ, डोळे लाल. इतका जिवंत चेहरा मी त्या वर्षात कुठल्याच अंकात पाहिला नव्हता.

चूक कबूल करायला चार ओळी पुरल्या असत्या. मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच अंकावर लिहिलं. लोक विसरतील म्हटलं, आणि लोक विसरलेही. चौथा अंक मात्र आला नाही. वर्षानं संकोच बाजूला ठेवून फोन केला, तर तो नेहमीच्याच अदबीनं म्हणाला, “आता चित्रं नाय काढत, सर.” माफी मागायचं माझ्या ओठांवर होतं, तिथंच राहिलं.

परवा कपाट आवरताना त्याचे पहिले दोन अंक सापडले. त्यांच्याही मागच्या घड्या मी कापलेल्या नव्हत्या.